लिस्बनचे ताट, लिस्बनची रात्र

फातिमाच्या यात्रेला निघालेले आपल्याकडील भाविक पुष्कळदा लिस्बनला दोन-तीन दिवस मुक्काम करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक युवा दिनाचा मेळावा याच शहरात भरला होता. यात्रेकरूंना दाखवावयाची स्थळे ठरलेली आहेत : संत अंतोनीचे जन्मस्थान, बेलेमचा बुरूज, जेरोनिमोसचा भव्य मठ आणि त्या मठातील वास्को द गामाची समाधी. ही स्थळे अवश्य पाहावीत. परंतु शहराचा इतिहास केवळ दगडांत कोरलेला नसतो. तो तेथील चुलीवर शिजत असतो आणि दिवेलागणीनंतर गल्लीबोळांतून ऐकू येत असतो. लिस्बनमधील पहिल्या चार दिवसांत आम्ही ह्या दुसऱ्या इतिहासाचा मागोवा घेतला. हा इतिहास रुचकर आहे. परंतु प्रत्येक घास सहज गिळता येईल असा नाही. आपल्या वाचकांपुढे तो दोन्ही बाजूंनी मांडावा, अशी आमची इच्छा आहे.

वसईकरांना तर हे शहर पूर्णतः परके वाटणारच नाही. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. मधली दोनशे चार वर्षे आपल्या किनाऱ्याचा कारभार ज्या राजाच्या नावाने चालला, त्या राजाचा वाडा लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी उभा होता. तो वाडा आज नाही. पण सकाळी उपाहारगृहात बसावे आणि शेजारच्या मेजावरील संभाषण कानी पडावे, तो एखादा शब्द ओळखीचा निघतो. आपला ‘पाव’ हा त्यांचा ‘पांव’. आपला बटाटा, कोबी, अननस, काजू हे शब्द त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले. घराची चावी आणि पाणी साठविण्याचे पिंपही तिकडचेच. बटाटा, अननस, काजू, पपई आणि मिरची ही सारी अमेरिका खंडाची देणगी. ती पोर्तुगीज जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरविली. आज मिरचीविना महाराष्ट्राच्या स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही. परंतु ज्ञानदेवांच्या काळी ह्या भूमीत मिरचीचे रोप नव्हते.

उपवासाने घडविलेले ताट

लिस्बनच्या भोजनाचा राजा कोण, असे विचारल्यास कोणताही नागरिक ‘बाकल्याव’ हेच उत्तर देईल. बाकल्याव म्हणजे खारवून वाळविलेला कॉड मासा. दुकानांत तो फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो. वासाने आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराची आठवण व्हावी. रांधण्यापूर्वी तो एक-दोन दिवस पाण्यात भिजत घालावा लागतो आणि ते पाणी वारंवार बदलावे लागते. त्याचे एक हजार एक प्रकार करता येतात, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. ‘विश्वासू मित्र’ असे त्याला लाडके नावही आहे.

विशेष हे की, हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज कोळी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात त्यासाठी जात. पुढे विसाव्या शतकातही त्यांची शिडाची जहाजे तिकडे जात असत. मोठ्या जहाजातून एकेक कोळी छोट्या होडीत एकटा उतरे आणि धुक्यात दिवसभर गळ टाकून बसे. ही जीवघेणी पद्धत १९७४ च्या सुमारास बंद पडली. आज लिस्बनच्या बाजारातील बाकल्याव मुख्यत्वे नॉर्वेहून येतो.

स्वतःचा समुद्र ताज्या मासळीने भरलेला असताना इतक्या दूरचा मासा राष्ट्रीय अन्न का व्हावा? ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिठात आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उत्तम मिठागरे होती आणि खारविलेला मासा उन्हाळ्यात डोंगरावरच्या खेड्यांतही टिकत असे. उरलेले अर्धे उत्तर ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत आहे. प्रायश्चित्तकाळ, शुक्रवार, मोठ्या सणांच्या पूर्वसंध्या आणि ऋतूंच्या आरंभीचे उपवास हे सारे मिळून वर्षाचा सुमारे एक तृतीयांश भाग मांसवर्ज्य होता. गरिबालाही परवडेल आणि नासणार नाही, असा मासा त्यासाठी हवा होता. नाताळच्या पूर्वरात्री पोर्तुगीज कुटुंब आजही उकडलेला बाकल्याव, बटाटे आणि कोबी यांचे साधे जेवण घेते. कायदा शिथिल झाला तरी जिभेने त्याची आठवण जपून ठेवली आहे.

ह्याच उपवासाची आणखी एक खूण दूरच्या जपानात सापडते. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळण्याचा एक साधा प्रकार लिस्बनमध्ये आहे; त्याला ‘मळ्यातील मासोळ्या’ असे गमतीचे नाव आहे. जपानचा ‘तेंपुरा’ पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या स्वयंपाकातून आला आणि त्याचे नाव ऋतूंच्या उपवासाच्या लॅटिन नावावरून पडले, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या नागासाकीत हे पदार्थ रुळले, तेथेच आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर रक्तसाक्षी झाला.

मठांतील साखर

उपवासाची भरपाई मठांनी गोडाने केली असे म्हणावे, इतके प्रकार येथे आहेत. पोर्तुगालची पारंपरिक मिठाई म्हणजे प्रामुख्याने अंड्यातील पिवळा बलक आणि साखर. मठवासिनी आपली वस्त्रे ताठ करण्यासाठी अंड्यातील पांढरा भाग वापरीत. उरलेल्या बलकाचे काय करावे, ह्या विवंचनेतून ही मिठाई जन्मली, असे परंपरा सांगते. ह्या पदार्थांची नावेही भक्तिरसाने पाझरणारी आहेत : कोणी ‘स्वर्गातील चरबी’ म्हणते, तर कोणी ‘देवदूतांचे गालफड’!

बेलेमचे पास्तेल आज जगप्रसिद्ध आहे. खुसखुशीत पापुद्र्यांच्या वाटीत साखर, दूध व बलकाचे दाट मिश्रण भरून ते कडक भट्टीत भाजतात. वरचा भाग ठिकठिकाणी करपलेला असावाच लागतो. १८३४ साली पोर्तुगाल सरकारने पुरुष साधूंचे सर्व मठ बंद केले. जेरोनिमोसचा मठही रिकामा झाला. मठातील ही पाककृती शेजारच्या साखरेच्या कारखान्यालगतच्या दुकानात विक्रीस आली, आणि १८३७ पासून तेथे हा पदार्थ तयार होत आहे. सत्तेने मठाला कुलूप लावले. पण मठाची चव रस्त्यावर आली आणि टिकून राहिली.

मात्र साखर कोठून आली, हेही विचारले पाहिजे. ती आली मदैरा बेटावरून, सां तोमेहून आणि ब्राझीलहून. आणि ती पिकविली प्रामुख्याने आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. १५५१ च्या सुमारास लिस्बनच्या लाखभर वस्तीत जवळजवळ दहा हजार गुलाम होते. शहरातील एका रस्त्याचे नाव आजही ‘काळ्यांची विहीर’ असे आहे. मृत गुलामांची प्रेते उघड्यावर टाकली जात. त्यासाठी खोल खड्डा खणावा, असे राजा मानुएलने १५१५ साली फर्माविले, त्याची ही आठवण. साखरेच्या प्रत्येक कणामागे हा घाम आहे.

घासावरून घेतलेली परीक्षा

शहराच्या मध्यभागी रोसियो नावाचा विशाल चौक आहे. त्याला लागून एक लहान चौक आणि त्यात संत डॉमिनिकच्या साधूंचे पुरातन चर्च. चर्चसमोर एक अगदी अरुंद दुकान आहे. आंबट चेरीपासून केलेले ‘जिंजा’ नामक मद्य तेथे १८४० पासून लहानशा पेल्यात विकले जाते. संध्याकाळी येथे गर्दी होते. लोक उभ्याउभ्याच पेला रिकामा करतात, चेरीची बी थुंकतात आणि पुढे जातात. लिस्बनच्या रात्रीचा आरंभ पुष्कळदा येथूनच होतो. पण ह्या फरशीवर काय घडले, हे ठाऊक असलेल्या माणसाच्या हातातील पेला क्षणभर थबकावा.

पोर्तुगालमधील यहुद्यांना १४९६ साली देश सोडण्याची आज्ञा झाली आणि १४९७ साली हजारोंना बळाने बाप्तिस्मा देण्यात आला. त्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. १५०६ चा वसंत दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी, १९ एप्रिल रोजी, संत डॉमिनिकच्या चर्चमध्ये क्रूसावर दिव्य प्रकाश दिसल्याचा बोलबाला झाला. एक नवा ख्रिस्ती म्हणाला, तो मेणबत्तीचा उजेड असावा. लोकांनी त्याला केस धरून बाहेर ओढले आणि ठार केले. दोन साधूंनी हाती क्रूस घेऊन जमावाला चेतविले. बंदरातील परदेशी खलाशीही त्यात सामील झाले. तीन दिवस कत्तल चालली. मृतांचा आकडा दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत दिला जातो. त्यांत स्त्रिया आणि तान्ही बालकेही होती. राजा त्या वेळी शहराबाहेर होता. त्याने नंतर अपराध्यांना कठोर शिक्षा केल्या आणि त्या दोन साधूंनाही देहान्त शिक्षा झाली. परंतु संशय मेला नाही. १५३६ साली पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालयाची स्थापना झाली आणि ते १८२१ पर्यंत चालू राहिले. त्याचा वाडा ह्याच रोसियो चौकात होता. आज त्या जागी राष्ट्रीय नाट्यगृह उभे आहे.

मनुष्याच्या अंतःकरणातील श्रद्धा न्यायालयाला दिसत नाही. म्हणून त्याने स्वयंपाकघरात डोकावण्यास आरंभ केला. डुकराचे मांस कोण टाळतो? बिनखवल्यांचा मासा कोणाच्या घरी शिजत नाही? शुक्रवारी संध्याकाळीच शनिवारचे अन्न कोण तयार करतो? अशा खुणांच्या याद्या चर्चमधून वाचून दाखविल्या जात आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर, मोलकरणीने मालकिणीवर साक्ष द्यावी, अशी अपेक्षा असे. पोर्तुगीज उपाहारगृहांत ‘आल्येइरा’ नावाचे एक सॉसेज मिळते. पाव, लसूण आणि कोंबडीचे मांस घालून ते करतात. उत्तर पोर्तुगालच्या नव्या ख्रिस्ती लोकांनी ते शोधून काढले, असे लोक सांगतात : धुराड्याजवळ सॉसेज टांगलेले दिसावे, शेजाऱ्यांचा संशय फिटावा आणि डुकराचे मांसही पोटात जाऊ नये. आज ते तळलेल्या अंड्याबरोबर सर्वत्र आवडीने खातात. भीतीतून जन्मलेला पदार्थ सर्वांच्या आवडीचा झाला!

ह्या परीक्षेतून धर्मनिष्ठही सुटले नाहीत. दामियांव द गोइश हा राजाचा दप्तरपाल आणि थोर इतिहासकार. १५०६ च्या कत्तलीचा वृत्तान्त त्यानेच आपल्या बखरीत निर्भीडपणे नोंदविला. १५७१ साली, वृद्धापकाळी, धर्मन्यायालयाने त्याला कैद केले. त्याच्याविरुद्धच्या साक्षींत निषिद्ध दिवशी डुकराचे मांस खाल्ल्याचीही तक्रार होती. एकाने ते मांस खाल्ले नाही म्हणून तो अपराधी. दुसऱ्याने ते नको त्या दिवशी खाल्ले म्हणून तोही अपराधी!

आपल्या वाचकांनी हा प्रश्न दूरदेशीचा समजू नये. गोव्यात धर्मन्यायालय १५६० पासून १८१२ पर्यंत, मधल्या थोड्या खंडासह, चालले. १७३६ साली त्याने काढलेल्या एका फर्मानात अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली होती. भात मिठाविना शिजवून मग चवीपुरते मीठ घेण्याची हिंदूंची पद्धत नव्या ख्रिस्ती लोकांनी सोडावी, असेही त्यात होते. भातातील मिठाने श्रद्धा कशी मोजावी? मुखात जाणारे अन्न मनुष्याला विटाळत नाही, ही शुभवर्तमानातील प्रभूची शिकवण ज्यांनी वेदीवरून वाचली, त्यांनीच हा नियम केला, हे आम्हांला अतिशय क्लेशदायक वाटते. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या अपराधांबद्दल परमेश्वराकडे जाहीर क्षमायाचना केली. त्याच वर्षी लिस्बनच्या पॅट्रिआर्कनीही यहुदी बांधवांची क्षमा मागितली. २००८ साली चर्चसमोरच्या चौकात मृतांचे स्मारक उभे राहिले. त्यावर ईयोबाच्या ग्रंथातील वचन कोरले आहे. चर्चचा अंतर्भाग १९५९ च्या आगीत जळाला. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा भाजलेले, तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले गेले. जखम झाकली नाही, हे योग्यच झाले.

ह्याच चर्चमध्ये सोळाव्या शतकात आफ्रिकी ख्रिस्ती लोकांचा रोझरी संघ होता. तो गुलामांच्या सुटकेसाठी खटपट करी. आजही संध्याकाळी आफ्रिकेतून आलेली मंडळी ह्या चौकात उभी राहून गप्पा मारतात. कत्तल, प्रार्थना, मद्याचा पेला आणि देशोदेशीचे लोक, हे सारे एकाच फरशीवर!

भूकंप, पाणी आणि खाणावळी

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च भरलेली असताना लिस्बन हादरले. छते कोसळली, वेदीवरील मेणबत्त्यांनी आगी लावल्या आणि जे जीव वाचविण्यासाठी नदीकडे धावले, त्यांना समुद्राच्या लाटेने गिळले. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत आहेत. राजवाडा, पूर्वेच्या व्यापाराची कचेरी आणि तेथील असंख्य कागदपत्रे नष्ट झाली; त्यांबरोबर आपल्या इतिहासाचाही कितीतरी अंश राख झाला असणार. पोंबालच्या मार्क्विसने सरळ रस्त्यांचे नवे शहर उभारले. कार्मेलवासी साधूंच्या चर्चच्या उघड्या कमानी मात्र आजही छताविना उभ्या आहेत.

ह्या भूकंपात एक गोष्ट वाचली : १७४८ पासून शहराला पाणी पुरविणारा उंच कमानींचा जलमार्ग. त्याचे पाणी कारंज्यांवरून घरोघर वाहून नेण्याचे काम स्पेनच्या गालिसिया प्रांतातून आलेले गरीब मजूर करीत. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पुढे कोळशाची दुकाने काढली. कोळशाबरोबर पेलाभर द्राक्षरस आणि तव्यावरची मासोळी विकू लागले. लिस्बनच्या ‘ताश्का’ म्हणजे लहान खाणावळींचा एक मोठा प्रवाह येथून निघाला. कागदाने झाकलेले मेज, कोबीच्या पानांचे गरम सार, त्यात सॉसेजची एकच चकती, आणि पाव. हे श्रमिकाचे जेवण होते. म्हणूनच ते पोटभर आहे. ह्या खाणावळींत ‘शामुसा’ही मिळतो. तो आपलाच समोसा. गोव्यातून आणि मोझांबिकमधून येऊन स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांनी तो तेथे रुजविला.

रात्रीची दोन रूपे

लिस्बनची सर्वांत मोठी रात्र संतांची आहे. संत अंतोनीचा जन्म सुमारे ११९५ साली येथल्या प्रधान चर्चनजीक झाला. तो पादुआचा म्हणून विख्यात असला तरी लिस्बनकर त्याला आपलाच मानतात. १३ जून हा त्याचा सण. आदल्या रात्री आल्फामाच्या चढउतारांच्या गल्ल्यांत दारोदारी शेगड्या पेटतात, सार्डिन मासे निखाऱ्यावर भाजले जातात आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून हाताने खाल्ले जातात. वस्त्यावस्त्यांची संचलने निघतात. तुळशीच्या कुळातील बारीक पानांच्या रोपाची कुंडी, तीत कागदी फूल आणि दोन-चार ओळींचे प्रेमकवन, अशी भेट तरुण एकमेकांना देतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादित पाव वाटले जातात. नाचगाणे आणि पाव यांच्यात तेथील भाविकांना विरोध दिसत नाही.

दुसरी रात्र फादोची. ‘फादो’ म्हणजे दैव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्फामा, मोरारिया व बाईरो आल्तो ह्या गरीब वस्त्यांत हे गायन रूपास आले. मोरारिया ही ११४७ च्या विजयानंतर मुसलमानांना राहण्यास दिलेली वस्ती. खलाशी, हमाल, आफ्रिका-ब्राझीलकडून आलेले लोक आणि पतित स्त्रिया ही ह्या गाण्याची पहिली माणसे. मारिया सेव्हेरा ही त्यांच्यातील पहिली कीर्तिमान गायिका. शरीरविक्रय करून जगणारी ती मुलगी १८४६ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी मरण पावली. १९२७ नंतर हुकूमशाहीने गायकांना परवाने सक्तीचे केले आणि गीतांवर नियंत्रण आणले. १९७४ च्या क्रांतीनंतर अनेकांनी फादोला त्या राजवटीचे गाणे म्हणून हिणविले. फादो, फातिमा आणि फुटबॉल यांनी जनतेला झोपविले, अशी टीका झाली. पण गाणे राजवटीपेक्षा जुने होते. बंदरावर फळे विकणारी एक गरीब मुलगी, आमालिया रॉड्रिग्ज, हिने ते जगभर नेले. १९९९ मध्ये ती निवर्तली, तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला आणि २००१ मध्ये राष्ट्रीय समाधिमंदिरात तिला स्थान दिले. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

फादोच्या घरात गाणे सुरू होण्यापूर्वी दिवे मंद केले जातात, काटे-चमचे खाली ठेवले जातात, वाढपीही जागच्या जागी थांबतात. बारा तारांच्या गिटारचे सूर उमटतात आणि काळी शाल पांघरलेली गायिका डोळे मिटून उभी राहते. तो सन्नाटा आम्हांला प्रार्थनेच्या जवळचा वाटला. ज्यांना समाजाने पंक्तीतून उठविले, त्यांचे दुःख ऐकण्यासाठी आता सारी पंगत थांबते.

आज त्या वस्त्यांत पर्यटकांची गर्दी आहे. बाईरो आल्तोच्या रस्त्यांवर तरुण मध्यरात्रीनंतरही पेले हाती घेऊन उभे असतात. घरभाडी वाढल्याने जुने रहिवासी शहराबाहेर लोटले जात आहेत. वसईकरांना हे दुःख सांगावयास नको. मोरारियात बांगलादेशी, नेपाळी आणि भारतीय दुकाने थाटली गेली आहेत आणि पुन्हा एकदा कोणी कोणाच्या ताटाकडे साशंकतेने पाहू लागला आहे.

इतिहासाचा हा धडा साधा आहे. एकाच शहरात अन्न दोन प्रकारे वापरले गेले : कोणाला ओळखून बाहेर काढण्यासाठी, आणि कोणालाही न विचारता पावावर मासा ठेवून देण्यासाठी. आपला प्रभू जकातदार आणि पापी यांच्या पंक्तीस बसला, म्हणून त्याच्यावर टीका झाली. आपल्या देशातही कोण काय खातो, ह्यावरून माणसाची परीक्षा घेतली जाते. तेव्हा आपण तक्रार करतो, आणि ती रास्त आहे. परंतु ती तक्रार करणाऱ्या मुखाने संत डॉमिनिकच्या चौकाची आणि गोव्याच्या त्या फर्मानाची आठवण ठेवली, तरच तिला वजन येईल. फातिमाला जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी लिस्बनमध्ये बेलेमचे पास्तेल अवश्य खावे, फादो ऐकावा, आणि त्या जळलेल्या खांबांच्या चर्चमध्ये घटकाभर गुडघे टेकावेत.